रूपक

बंद खाणीच्या वर्कशॉपात मी स्पीकर रचले.
शेवटचा ट्रक सुटून बारा वर्षं झाली,
तरी तासाभरात मिक्सरच्या फटींत तांबडी धूळ.
डिचोलीत काहीही उघडा,
आधी धूळ आत जाते, मग तुम्ही.

पाचजण आले ग्रीसहून.
दाढ्या देवचाराला शोभाव्यात अशा,
बोलायला मात्र लाजरे.
गिटारी दोन, बास, दोन पायांनी बडवायचा ड्रम,
आणि तान्ह्या पोरासारखं टॉवेलात गुंडाळलेलं
आख्ख्या बोकडाचं कातडं:
एका पायातून फुंकायचं,
दुसऱ्यातून खर्ज, मानेतून सूर.
गायदा, म्हणाला स्त्रातिस.
मी म्हटलं, ह्याला माइक लावू कुठे?

साउंडचेकला तो ओरडला.
जनरेटरवाला फोंडू धावत आला,
कुणाला शॉक बसला का बघायला.
मीटरची सुई तांबड्यात जाऊन बसली.
मग त्याने गायदा काखेत दाबली
आणि
फस्स.

शिवण उसवली होती, हाताच्या पंजाएवढी.
पाच राक्षस एकदम
मयताला आल्यासारखे उभे.

स्कूटरवर मागे घेतलं त्याला, कुंभारवाड्यात नेलं
पुनोकडे, जो घुमटं मढवतो.
पुनोने कातडं हुंगलं. ‘बोकड्याचें मूं?’
स्त्रातिसला कळेना.
पुनो म्हणाला, बें.
तो म्हणाला, बें.
भाषांतर तेवढंच झालं, पुरलं.

ठिगळ वाळेपर्यंत पुनो बोलत राहिला:
घोरपडीचं कातडं आता बंद, कायद्यानं,
घुमटालाही बोकडच, नाद थोडा बोदा येतो, चालायचंच.
स्त्रातिस गुडघ्यावर बोटं वाजवत होता,
गावच्या लग्नात नाचतात म्हणे त्यावर.
तीन. दोन. दोन.
पुनो थांबला.
घुमट मांडीवर ओढलं, डावा तळवा तोंडाशी धरला,
तीं तीं ना, धी ना, धी ना.
‘हें रूपक,’ म्हणाला. ‘देवळांत वाजयतां हांव.’
स्त्रातिसनेही एक नाव सांगितलं,
मला ते धरता आलं नाही.

परतताना मी विचारलं, मघाशी ओरडत काय होतास?
मोडक्या इंग्रजीत, वाऱ्यात, तो म्हणाला:
बुडालेल्याची आई.
किनाऱ्यावर उभी राहून समुद्राला शिव्या देते.
आमच्याकडे बायका रात्रभर देतात.

माझा बाप बार्जवर होता.
सारमानसला माती भरायची, मुरगावात मोठ्या जहाजात ओतायची.
सांगायचा, काहींच्या पाठीवर उलटीसुलटी अक्षरं असतात,
ग्रीकांची जहाजं ती, आपला डोंगर घेऊन जातात.
एका रात्री बार्ज आणि जहाज ह्यांच्या मधे गेला.
आईने कुणाला शिव्या दिल्या नाहीत.
कंपनीच्या कागदावर सही केली,
पेन कंपनीच्याच माणसाचं, ते परत दिलं.

हे मी स्त्रातिसला सांगितलं नाही.
पुढे खड्डा होता.

रात्री दीडेकशे पोरं, काळ्या टी-शर्टांत,
निम्मी म्हापशाची, काही पार काणकोणहून.
पुनो धोतर नेसून कडेला बसला, घुमटाला माझा चांगला माइक.
गिटारी कोसळल्या, पत्र्यावरची बारा वर्षांची धूळ
खाली आली सगळ्यांच्या केसांत,
त्यातून ती बोकडाची किंकाळी,
आणि खालून सात मात्रा, न डगमगता.

स्त्रातिस त्या बाईचं गाणं ओरडू लागला.
मी त्याचा फेडर वर नेला.
आणखी वर. लिमिटरचा दिवा विझेचना.
वीस वर्षांत एवढा आवाज कुणाला दिला नव्हता.

दहाला हवालदार आला, कानावर हात, कमी करा म्हणाला.
मी मान हलवली.
बोट जागचं हललं नाही.

नंतर केबली गुंडाळताना पुनोने मला बोलावलं.
‘विचार ताका, थंयसर बोकडो कितल्याक मेळटा?’
स्त्रातिसने बोटं दाखवली.
ती शेकड्यांची की हजारांची
ह्यावर पुनो आणि फोंडू
मी ट्रक सुरू केला तरी भांडत होते.