काचेची पट्टी

ओव्हल मैदानासमोर, तिसऱ्या मजल्यावर
भेगेवर काचेची पट्टी बसवते मी.
दोन्ही टोकांना सिमेंटचा ठिपका, मधे तारीख.
भेग सरकली तर काच आधी तडकते.
तेवढंच तिचं काम, आणि माझं ते बघणं.

धनमाई खुर्ची ओढून बसतात.
"दीकरी, जगाने मान्य केला ना आमचा घर?
मग पाणी वरती कधी चढेल?"
मी म्हणते, ते खातं वेगळं.
गॅलरी जहाजासारखी वळलेली,
कठड्याला नळ्या, भिंतीत गोल खिडकी,
आणि खिडकीखाली सात बादल्या, काठोकाठ.

माझगावला बाबा जागे असतात.
बोटीवर ऑइलर होते. हवानाला अकरा दिवस
कच्ची साखर भरत बोट उभी होती
आणि शहर मिळालं एक दुपार.
"थंय पण घरांक टेकू लायलले गो,
नि टेकवांक कपडे वाळत घातलले."
एवढंच सांगतात त्या शहराबद्दल, चाळीस वर्षं.

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी फोनवर दाखवलं:
बंदराच्या तोंडावरचा किल्ला, दिवा,
चौकातली पिवळी, निळी घरं.
"ह्यो रंग तेवा नाय होतो."
मग पुढचं चित्र. आत दूर एक दरी,
उसाची, साखरेच्या घाण्यांची,
तीही त्याच यादीत.
दरीत एकटा मनोरा, सात मजली.
वरून मळा दिसायचा, मळ्यात वाकलेली माणसं दिसायची.
विकत घेतलेली माणसं.
माथ्यावर घंटा होती. आता खाली ठेवलीय,
बाजूला उभं राहून लोक फोटो काढतात.

बाबांनी फोन नाकाजवळ नेला.
बोटीवरून एक डबा आणला होता त्यांनी, तपकिरी साखरेचा.
आईने मजल्यावरच्या सगळ्यांना चहा दिला,
आणि भोसलेकाकी म्हणाल्या, गुळाचा वास येतो
पण गोडी जरा कमीच.
डबा अजून आहे. त्यात खिळे असतात.

"वर कोण चढायचो, घंटा बडवूक?"
मी शोधलं. मनोऱ्याची उंची होती,
मालकाचं घराणं होतं,
यादीत नाव कधी लागलं ते साल होतं.
"तां खंय लिवलेला नाय, बाबा."
त्यांनी फोन उलटा ठेवला, काच खाली करून,
आणि रात्री दोनदा उठले पाणी प्यायला.

महिन्याने पुन्हा तिसरा मजला.
काच शाबूत. तारीख गायब.
धनमाईंनी ओल्या फडक्याने पुसली होती,
फर्निचरबरोबर, दर शुक्रवारी पुसतात तशी.
"डाग होता," त्या म्हणाल्या.

मी पेन काढलं.
कुठली तारीख घालावी, ते आठवेना.
त्यांनी माझा हात धरला,
"थांब जरा. ओली आहे अजून."