सोळा आण्यांतला एक

मामा तलावात डबा उभा केला
आणि नवव्या दिवशी बॅटरी संपली.
काम केवढं? अर्ध्या तासाने एकदा
पाण्याची ऊब मोजायची.

डोमाजीकाका डोंग्यातून तो घेऊन आला,
झाकणावरची सायकल-ट्यूबची पट्टी पुसत म्हणाला,
"तुयी मशीन झोपत नाई का व?
ढिवराच्या घरी एवढं जागरन कोनी करत नाई."

खरंच होतं.
नखाएवढ्या चिपचे सेकंदाला
एक कोटी साठ लाख ठोके,
आणि पाणी दिवसभरात दोन अंश चढतं, दोन उतरतं.

रात्री आई झिंगे निवडत होती,
मी घड्याळाचा भागाकार लिहीत होते.
आधी परवानगीचा बिट चढवायचा,
मग चार ठोक्यांच्या आत नवा आकडा.
उशीर झाला तर दार बंद, जुनाच वेग.
तेवढ्यात कोणी हाक मारू नये
म्हणून सगळे इंटरप्ट आधीच बंद.
(आई दोनदा म्हणाली, जेवून घे.)

मागच्या महिन्यात एक चिप गेली.
फ्यूज चुकला माझा, आणि ती
मी जोडलाच नव्हता अशा स्फटिकाची वाट पाहत बसली.
आगपेटीत ठेवली आहे. फेकवत नाही.

भागिले सोळा.
रुपयातला एक आणा ठेवला, पंधरा परत.

पडद्यावर आकड्यांऐवजी भलतंच सांडलं,
टोपलीतून उड्या मारणाऱ्या झिंग्यांसारखं.
लॅपटॉप जुन्या चालीने ऐकत होता,
ती नव्या चालीने बोलत होती.
सेकंदभर पेटणारा लाल दिवा
पेटला तो पेटलेलाच.
मी मोजत राहिले. सोळा.
तिच्या लेखी एकच सेकंद झाला होता,
आणि ती खोटं बोलत नव्हती.

प्रोग्रॅमच्या माथ्यावर जुना आकडा
माझ्याच हातून राहिला होता.
बदलला.
सव्वीस पूर्णांक चार.
सव्वीस पूर्णांक चार.
दोन मापांच्या मधे झोपही लिहिली,
आणि दिवा उपटला. तोही खात होता.

सकाळी शिंगाड्याच्या वेलांत
काकाने न सांगता बांबू हळू केला.
डबा बांधून झाल्यावर विचारलं,
"चालू हाय ना? दिवा तं नाई."
"हाय."

तो बघत राहिला. मीही.
एक पाणकावळा झाकणावर बसला,
पंख उघडून.