तीन महिन्यांचं स्टेटमेंट

डंडी. नोव्हेंबर.
साडेतीनलाच दिवे लावावे लागतात या कचेरीत.
पुढ्यात मॉर्व्हेन गेडिस, नर्सिंग, दुसरं वर्ष.
म्हणजे ती नव्हे,
तिचं बँकेचं स्टेटमेंट,
आणि माझा हिरवा मार्कर.

नियम असा: खटकेल त्यावर खूण करायची,
अर्जदाराला विचारायचं, हे काय?
आर्ब्रोथची बस, जाऊन-येऊन, रोज:
वॉर्डातली ड्यूटी. ठीक.
वीस पौंड जमा, पाठवणार डॅड.
हे उत्पन्न नियमित आहे का?
तिनं लिहिलंय: नाही. त्यांनी रेडिओ विकला.

मार्कर खाली सरकतो.
चार तारखेपासून बारापर्यंत
नुसती बस.
ना दूध, ना पाव, ना चिप्सचं साधं पाकीट.
मी पान उलटून बघते,
दोन पानं चिकटली असतील म्हणून.

झालेल्या खर्चाचा जाब विचारायला
सतरा रकाने आहेत.
न झालेल्याला
एकही नाही.

माझं बिस्किट केव्हाच
चहात विरघळून तळाशी गेलंय.
मंजूर करावे, असं लिहिते.
'कारण'पुढे पेन अडतं जरा.

मग लिहिते:
४ ते १२.