वायव्य

सव्वीस वर्षं मी वायव्यचीच नोकरी केली.
बसच्या कुशीवर कन्नडात लिहिलेलं असायचं: वायव्य कर्नाटक.
बेळगाव–कारवार, सकाळी सव्वासहाची,
अणशीच्या घाटात दुसरा गिअर.
आता तीच दिशा नाकासमोर उभी राहिलीय
नकाशावर पेन्सिलीचा बाण होऊन.
म्हणते, दुपारी ये तू. बघते.

दुपारी जायचंच नाही.
सुब्राय हरिकंत्राचं आणि माझं ठरलंय.
होडी त्याची, शीड वडगावात शिवून घेतलेलं
साड्यांच्या दुकानामागं.
कारवार ते मालवण, तीन रात्री.
मतलई वारा सुटला की किनारा धरून वर सरकायचं,
उन्हं चढली की नांगर टाकायचा
आणि वायव्येला तिचा दिवस घालवू द्यायचा.

तिथी मी काढली, मार्गशीर्ष वद्य अष्टमी.
भांगाचं पाणी, ओढ कमी,
चंद्र मध्यरात्री उगवेल, आम्ही सुटायच्या बेताला.
पहिला मुक्काम मुरगाव, दुसरा वेंगुर्ला.
खोलगडाचं टोक पहाटे उजव्या हाताला.
नकाशा सारखा गुंडाळतोय म्हणून भारतानं
कोपऱ्यांवर तिळाचा डबा ठेवला, अडकित्ता, माझा चष्मा,
चौथ्यावर स्वतःचं कोपर.
"मधे स्टॉप नाहीत काय?"
आहेत की. दिवे आहेत काळोखात,
प्रत्येकाची उघडझाप निराळी.
"आणि उतरायचं झालं तर?"

पेन्सिलीला टोक काढायला मी बाहेर आलो.

आमच्या कणकुंबीपासून समुद्र
कावळ्याच्या वाटेनं पन्नास किलोमीटर.
पण मलप्रभा इथं जन्मते आणि भावकीत वाजल्यासारखी
त्याच्याकडं पाठ करून पूर्वेला चालू लागते.
वारा तसा नाही.
थंडीत तो इथंच साचतो, दवाखाली, गवताच्या बुडाशी,
आणि रात्री चोर्ल्याच्या उताराला लागतो.
दुसऱ्या रात्री सुब्रायचं शीड जो फुगवणार
तो आधी माझ्या कानाला लागून जाईल.

म्हणून रोज ओसरीवर उदबत्ती लावून बसतो.
धूर पश्चिमेला कलला की वेळ टिपतो
जुन्याच वहीत, रकाने छापलेले आहेत:
सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, शेरा.
मग फोन. "सव्वादहाला सुटला बघ इथनं."
सुब्राय हसतो,
"वारो म्हळ्यार तुजी बस न्हय रे."

ठाऊक आहे.
बस बंद पडली तर चाकाला दगड लावून
झाडाखाली बसता येतं, डेपोला कळवता येतं.
सलग तीन दिवस उत्तरेचा आला तर
मुरगावच्या धक्क्यावर बसून राहायचं,
हेही लिहिलंय. शिधा दुप्पट, पाणी तिप्पट,
बांधून द्यायला कुंदा अर्धा किलो.

काल धूर सरळ वर गेला.
दहा झाले, साडेदहा.
शेऱ्यात लिहिलं, रद्द. मग खोडलं.
अकराला भारता बाहेर आली
माझी लोकरीची टोपी स्वतःच्या डोक्यावर ओढून,
विझत आलेल्या टोकाकडं बघत उभी राहिली थोडा वेळ.
"दुसरी लाव," म्हणाली.