खरं

आमच्या वडगावात 'पण' म्हणत नाहीत,
'खरं' म्हणतात.
येतो खरं पाय दुखतोय.
साडी बरी आहे खरं पदर आखूड.
पुण्याची जाऊ पहिल्यांदा आली तेव्हा हसून बेजार:
वहिनी, तुमच्यात प्रत्येक अडचण
खरीच कशी हो असते?

तसंच मी दोन खेपा म्हटलं होतं,
मत द्यायचं खरं काय होतंय देऊन.
आणि कांड्या भरत बसले.
चिठ्ठी आली होती ती कानडीत,
समोरच्या इरण्णाच्या पोराकडून वाचून घेतली.
नाव शेवंता, तेवढं बरोबर.
वय एकशे चार.
एकशे चार वर्षांच्या बाईनं
कशाला उन्हात ऊठबस करायची?

या वेळी जाग आली
ती आवाज नव्हता म्हणून.
अख्खी गल्ली बंद.
करंट गेला नव्हता, सूत संपलं नव्हतं,
संप नव्हता, कुणी मेलं नव्हतं.
ज्यानं त्यानं आपल्या हातानं
आपला माग थांबवलेला.

चाळीस वर्षं या खडखडाटात
आम्ही ओठ बघून बोलतो.
लग्नाची बोलणी ओरडून,
भांडण ओरडून, समजूतही ओरडून.
त्या दिवशी टाकीच्या पत्र्यावर
कबुतर चालतं ते ऐकू आलं.
नखांचा आवाज होतो त्याच्या.

रांग शाळेच्या फाटकातून निघून
नाल्यावरून वळून
पिठाच्या गिरणीला टेकली होती.
माझ्या मागं गंगव्वा, इरण्णाची बायको.
तीस वर्षं समोरासमोर दारं,
आणि तिचा आवाज एवढा बारीक आहे
हे मला ठाऊकच नव्हतं.
म्हणाली, बिसल भाळ ऐति, आद्र निंद्रोण.
ऊन फार आहे, पण थांबू या.
त्यांच्यात 'पण'ला 'आद्र' म्हणतात.
तिच्या त्या बारीक आवाजात
मला ते 'आदर' ऐकू आलं.
चुकीचं ऐकलं म्हणा,
असू दे.

आतला मास्तर कोवळा होता.
त्यानं यादी बघितली, मला बघितलं,
आणि चटकन उठून
स्वतःची खुर्ची पुढं सरकवली. बसा अज्जी.
मी म्हटलं, अहो मी एकसष्टची,
चूक तुमच्या कागदाची आहे.
तो हसला. फोटो ताडून बघितला.
चालतंय, म्हणाला, तुम्ही आहात ना.

आहे, म्हटलं.
इतक्या साध्या प्रश्नाला
सरकारपुढं कधी उत्तर दिलं नव्हतं.

संध्याकाळी फाटकावर आकडा कळला.
हजार बावीसपैकी नऊशे सहासष्ट.
पोरांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी कुंदा वाटला,
आणि आम्ही बायका कट्ट्यावर बसून
छप्पन्नांचा हिशोब लावू लागलो.
अकरा तर वारलेत, नावं तशीच राहिलीत.
इचलकरंजीला गेलेले अठरा, सुरतेला नऊ.
दोघी बाळंतिणी.
बाबाजी कोष्टी सगळ्यांवरच रागावलेला, तो एक.
दवाखान्यातले, सासरी गेलेल्या, मिळून बारा.
तिघांचा पत्ता लागेना.
गंगव्वा तिच्या बोलीत, मी माझ्या,
दिवे लागले तरी त्या तिघांना शोधत होतो,
जसं काही जेवायची पानं मांडून झाल्यावर
घरातलं कोणी कमी आहे.

रात्री पुण्याहून फोन.
कुणाला दिलंस?
सांगत नसतात ते.
येईल का निवडून?
काय की.
मग एवढी खुशीत कशानं?

काय सांगणार. निकाल लांब आहे.
गटार उघडंच आहे, चिठ्ठीवरचं वय
पुढच्या खेपेला एकशे नऊ होणार.
मी म्हटलं, मत दिलं खरं

ती वाट बघत राहिली.
खरं काय, वहिनी?

पुढं काही येईना.
सवयीनं मी शोधलं,
पाय, पदर, पाणी,
काहीतरी अडलेलं असतंच.
नव्हतं.
खरं, एवढंच, म्हटलं.

तेवढ्यात समोर इरण्णानं माग चालू केला,
मागोमाग सगळ्या गल्लीनं.
तिला काही ऐकू गेलं नसणार.
मी मात्र दार लावलं नाही.