सोडत

फी तेवीसशे. आधीच भरायची,
चिठ्ठी नाही निघाली तर सात दिवसांत परत.
'म्हंजे न पळायला पैसे पडत न्हाईत,'
मालन म्हणाली, भिशीची वही मिटत.

तिच्या भिशीत उशिरा का होईना
प्रत्येकीची चिठ्ठी निघतेच.
माझं हे तिसरं वर्ष.

उद्यमनगरात लेथ थांबवून
तेलकट अंगठ्यानं मेसेज उघडला: क्षमस्व.
शेजारच्या मशीनवरून दिलावर ओरडला,
'सुटलास की लेका! जेवण घाल.'

पहाटे रंकाळ्याला दोन फेऱ्या तरी मारल्याच.
छातीवर नंबर नसला की
वारा सरळ बनियनला लागतो.

पैसे आले. मालननं वहीत मांडले,
पुढल्या सालासाठी, पंचवीसशे धरून.
'वाढवत्यातच ती,' म्हणाली,
'वरचे दोनशे माझे.'