सहा नंबरच्या खोलीतल्या पुढच्या माणसाला

तुला मराठी येत नसणार.
तरीही लिहितो. इंग्रजीत मी फार सफाईने खोटं बोलतो,
स्विंडनमध्ये चोवीस वर्षं तोच रियाज झालाय.

आल्या आल्या बॅग उपसतील.
माउथवॉश जाईल, आफ्टरशेव्ह जाईल,
तू चिडशील, मी काय आफ्टरशेव्ह पिणार आहे?
(मी प्यायलो होतो. एकदाच. गुरुवारी.)

पहिले चार दिवस तू नसशीलच,
असेल नुसता तुझा घाम.
गोळ्या चार, मग तीन, मग दोन.
चहा अर्धाच कप देतील, अपमान समजू नकोस.
वरचा अर्धा तुझ्या हातांच्या थरथरीसाठी
मोकळा सोडलेला असतो.

रात्री दर दोन तासांनी तेंडाई येते,
टॉर्च जमिनीकडे धरून, श्वास मोजायला.
मी झोपेचं सोंग घ्यायचो.
ती एकदा हळूच म्हणाली, सोंग घेणारे
जरा जास्तच नियमित श्वास घेतात.

मग गोल. प्लॅस्टिकच्या अकरा खुर्च्या,
मधोमध टिश्यूचा खोका. तो कुणी पुढे करायचा नाही,
ज्याला रडायचंय त्याने उठून घ्यायचा.
इथे विद्याधरचा विद झाला.
आय ॲम विद, ॲण्ड आय ॲम ॲन अल्कोहोलिक,
म्हणालो घडाघडा, कोटाला बिल्ला लावावा तसं.
सगळे म्हणाले, हाय विद.
त्या रात्री बाथरूममध्ये नळ सोडून
तेच मराठीत म्हणून पाहिलं.
'मी' आलं. 'दारुडा' दातांपाशी अडलं.
तो शब्द आमच्याकडे दुसऱ्यांचा,
गल्लीच्या तोंडाशी आडवा पडलेल्या नाम्या शिंप्याचा,
ज्याच्या बायकोला आई शिळ्या पोळ्या द्यायची,
दार पुरतं न उघडता.
नळ वाहत राहिला.
पलीकडून एम्रिसने भिंत ठोकली.

एम्रिस पोर्ट टॅल्बटचा, परांची बांधायचा. हेरॉइन.
चहात साखर सहा चमचे.
भांड्यांची पाळी आमची एकत्र, तो विसळायचा, मी पुसायचो.
नवव्या दिवशी त्याने फडकं माझ्या खांद्यावर टाकलं
आणि टॅक्सी मागवली.
दाराला आतून कुलूप नाही, हे तुला कुणी सांगणार नाही.
आठवडाभर मी विचारत होतो, एम्रिसचं काही कळलं?
नाही, म्हणायचे. आणि ते खरंच असायचं.

तिसऱ्या रविवारी घरचे येतात.
माझ्या ऋजुताने कागद वाचला,
इंग्रजीत, न रडता, उभी राहून.
शाळेच्या फाटकाशी बाबाची गाडी दिसली
की मी परत आत जायचे, लायब्ररीत.
त्याला वाटायचं मी अभ्यासू आहे.

ही गोष्ट मी चारचौघांत कौतुकाने सांगत आलो होतो.

बायकोने बेसनाचे लाडू आणले.
ऑफिसात एक फोडून पाहिला त्यांनी.
ती सगळीकडे सांगतेय, ह्यांची पाठ धरलीये.
लेस्टरच्या काकांनी तेल पाठवलंय पाठीला.

खोलीतून समुद्र दिसतो, असं माहितीपत्रकात आहे.
दिसतो तो बहुतेक वेळ चिखल,
आणि चिखलात उतरू नका ही पाटी.
वेस्टनचा समुद्र दिवसातून दोनदा सोडून जातो,
दोनदा परत येतो, त्याला कुणी रिलॅप्स म्हणत नाही.
हे मी गोलात बोललो. दोघे हसले.
फिलिपा नाही हसली.
म्हणाली, छान वाक्य आहे, विद.
अशाच वाक्यांच्या मागे बसून तू प्यायचास.

म्हणून आता साधं लिहितो.
रेडिएटर डावीकडून गळतो, खाली वाटी ठेव.
खिडकी वितभरच उघडते, जोर लावू नकोस.
खालच्या खणात दोन लाडू आहेत.
आज अठ्ठाविसावा दिवस. कप भरून घेतो आता,
सांडतो थोडा.
स्टेशनापासून घरापर्यंत तीन दुकानं लागतात.
चर्चच्या मागून गेलं तर दोन.